मडमेचे लोणचे

भोपाळचे नाव काढले की आमच्या नववीच्या वर्गातली मुले हमखास हसतात. भोपाळ आणि भोपळा यांचे नाते त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. शहराचे नाव राजा भोजाशी जोडले जाते, असे सांगून मी त्यांना गप्प करतो. पण आज लिहायला बसलो आहे ते भोपाळातल्या एका भोपळ्याच्या कुळातील फळाविषयीच. हे फळ म्हणजे काकडी, आणि तिचे गोड लोणचे. इतिहासाच्या शिक्षकाने लोणच्यावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. मात्र ताम्रपट आणि बखरी ज्यांच्या घरी नसतात त्यांच्या घरी बरण्या असतात, आणि त्याही वाचता येतात असा माझा अनुभव आहे.

ही बरणी आहे माझ्या मामीच्या घरी, भोपाळच्या सोनागिरीत. नावावरून गल्लत होऊ नये म्हणून सांगतो, दतियाजवळचे जैनांचे तीर्थ सोनागिर ते वेगळे, आणि धुळे जिल्ह्यातले किल्ल्याचे व तांब्या-पितळेच्या भांड्यांचे सोनगीर तेही वेगळे. ही सोनागिरी म्हणजे भेलच्या कारखान्याच्या आसऱ्याने, पिपलानीच्या बाजूला वाढलेली वस्ती. संध्याकाळी एखाद्या अंगणात तुळशीपुढे दिवा दिसतो, आतून मराठीत हाक ऐकू येते आणि तिला उत्तर हिंदीत मिळते. आपल्या वाचकांना हे चित्र नवे नाही. आमच्या पांढुर्ण्यातही तेच आहे.

मामाचे घराणे तिथे कसे गेले, हे सांगितल्याशिवाय बरणीचा इतिहास सुरू होत नाही. माझे आजोबा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश झाला व त्याची राजधानी भोपाळ ठरली. राजधानी हलते म्हणजे काय हलते? शाळेच्या पुस्तकात एक ओळ असते. प्रत्यक्षात फायली, कपाटे, टंकयंत्रे आणि ती चालवणारी माणसे हलतात, आणि त्या माणसांमागे पाटा-वरवंटा, देवघर आणि लोणच्याच्या बरण्या हलतात. नागपूरची शेकडो मराठी कुटुंबे अशी भोपाळला आली. आजोबांना तात्या टोपे नगरात सरकारी क्वार्टर मिळाले. इकडे सौंसर आणि पांढुर्णा हा मराठी मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. आमच्यापासून नागपूर शंभरेक किलोमीटर आणि भोपाळ त्याच्या जवळजवळ तिप्पट. एका रात्रीत आमची राजधानी तिप्पट दूर गेली. (पांढुर्णा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला, राजधानी मात्र होती तिथेच आहे.)

त्याच १९५६ साली भोपाळात हेवी इलेक्ट्रिकल्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. ब्रिटनच्या एईआय, म्हणजे असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज, या कंपनीचे तांत्रिक सहकार्य त्याला होते. १९६० मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. १९७४ मध्ये तो भेलमध्ये विलीन झाला. माझा मामा तिथे १९६० साली शिकाऊ म्हणून लागला, १९६४ मध्ये त्याचे लग्न झाले आणि पिपलानीच्या क्वार्टरमध्ये संसार थाटला गेला. निवृत्तीनंतर त्याने सोनागिरीत लहानसे घर बांधले. एईआयचे इंग्रज तज्ज्ञ त्या काळी भोपाळात येऊन राहत. काहींच्या बायकाही सोबत असत. आमच्या घराण्यातील दंतकथा इथूनच सुरू होते.

तिला लोणचे म्हणावे की नाही यावरून आमच्या घरी वाद आहे. काकडीच्या सालीसकट पातळ चकत्या, मधूनमधून कांद्याची पाती, अख्खी मोहरी, हळदीने पिवळसर झालेला पातळ आंबटगोड रस. तेलाचा थेंब नाही, तिखटाचा कण नाही. माझी आई त्याला लोणचे मानायला शेवटपर्यंत तयार नव्हती. घरात त्याचे नाव 'मडमेचे लोणचे'. मामाच्या साहेबाच्या मडमेने मामीला ते शिकवले, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. मामाच्या मते ती साहेबीण रोज येऊन ओट्यापाशी उभी राहून शिकवत असे. माझ्या आईच्या मते मडम वगैरे कोणी नव्हतीच, कॅन्टीनमधून कोणीतरी कागद आणून दिला होता. मावशी म्हणायची, मामीने बदल्यात तिला पुरणपोळी शिकवली. तीन साक्षीदार, तीन साक्षी, आणि त्यातले दोघे घटनास्थळी नव्हते. विद्यार्थ्यांना मी साधनांची चिकित्सा शिकवतो. स्वतःच्या घरातली ही कथा मात्र मी पन्नाशी उलटेपर्यंत तपासली नव्हती.

त्या लोणच्याची माझी पहिली ओळख भोपाळात झाली नाही. ती झाली १९८४ च्या डिसेंबरात, आमच्याच घरी. २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. मामाचे क्वार्टर कारखान्यापासून दूर, शहराच्या पूर्वेला होते. घरातली माणसे वाचली. पण टाकीत उरलेल्या वायूचे कीटकनाशक करून तो संपवायचे ठरले आणि १६ डिसेंबर ही त्याची तारीख जाहीर झाली, तेव्हा लोकांचा धीर सुटला. मिळेल त्या गाडीने माणसे शहर सोडू लागली. मामा कामावर राहिला. मामी दोन मुलांना घेऊन पांढुर्णा स्टेशनवर उतरली, तेव्हा तिच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली काचेची बरणी. स्टेशनवर आईने विचारले, "वहिनी, हे काय उचलून आणलंत?" मामी म्हणाली, "मागं ठेवून कोणासाठी येऊ?" त्या रात्री पोळीबरोबर आम्ही सगळ्यांनी ते खाल्ले. मी पंधरा वर्षांचा होतो. मला ते आवडले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मागितले.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात सोनागिरीत गेलो तेव्हा मी मामीला सरळ विचारले. तिने ऐंशीच्या घरात प्रवेश केला होता. "मामी, मडमेनं तुम्हाला नेमकं काय सांगितलं होतं?" ती हसली. "अरे, मले तिनं काही शिकवलं-बिकवलं नाही. तिले मराठी येत नव्हतं, मले इंग्रजी येत नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी साहेबाकडं चहाले गेलो होतो. तिच्या बशीत दोन चकत्या होत्या, त्या मी खाल्ल्या. बस, एवढंच." मी म्हटले, "मग नाव मडमेचं कसं?" "तुझ्या मामानं ठेवलं. सासूबाईंना सांगितलं, साहेबाच्या घरचं आहे, तेव्हा कुठं त्यांनी चाखून पाहिलं. माझं म्हटलं असतं तर बाटवलं म्हणाल्या असत्या."

म्हणजे साठ वर्षे एका बाईच्या हातचा पदार्थ दुसरीच्या नावावर चालला होता, आणि तोही घरात शांतता राहावी म्हणून. दोन चकत्यांच्या चवीवरून तिने सगळे मागे जात शोधून काढले होते. पहिल्या चार खेपा फुकट गेल्या, असे ती म्हणाली.

आता मडमेच्या बशीतल्या त्या चकत्या तरी कोणाच्या? इथे गोष्ट फार मजेची आहे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आपल्याकडचे कैरीचे लोणचे इंग्लंडात जाऊ लागले. इंग्रजांना ते इतके आवडले की तसे आपल्याकडेच करावे असे वाटू लागले. पण तिथे कैरी कुठून आणणार? मग त्यांनी काकडी घेतली. जॉन एव्हलिन या लेखकाने १६९९ साली 'अ‍ॅसिटारिया' नावाचे पुस्तक कोशिंबिरींवर लिहिले. त्यात 'काकडीचा आंबा' करण्याची कृती आहे. मोठी काकडी घेऊन पोट फोडायचे, बिया काढायच्या, आत लसणाची पाकळी घालायची आणि मसाल्यासह उकळलेल्या शिरक्यात ती मुरवायची. इंग्रजीत 'मँगो' हे पुढे कशाचेही असे भरलेले लोणचे, या अर्थाचे नाव होऊन बसले. १७५८ साली हॅना ग्लास यांच्या पाककृतींच्या गाजलेल्या पुस्तकात 'पॅको-लिला अथवा इंडिया पिकल' आले. हळद-मोहरीचे ते पिवळे लोणचे आज इंग्लंडात 'पिकलिली' म्हणून ओळखले जाते. साखर घातलेल्या चकत्यांचा प्रकार अमेरिकेत रुजला. तिथे इलिनॉय राज्यातील ओमर आणि कोरा फॅनिंग या शेतकरी दांपत्याने १९२३ साली 'ब्रेड अँड बटर' या नावाने त्याची व्यापारी नोंदणी करून घेतली. तेव्हा मडमेच्या बशीत मामीने जे चाखले, त्यातली हळद-मोहरीच्या लोणच्याची रीत आपल्याच स्वयंपाकघरातून दोन-अडीचशे वर्षांपूर्वी गेलेली होती. काकडीसुद्धा आपलीच, कारण तिचा रानटी पूर्वज हिमालयाच्या पायथ्याशी सापडतो. आणि 'शुगर' हा शब्ददेखील आपल्या 'शर्करे'चा. आजीला हे ठाऊक असते तर तिने निर्धास्तपणे दुसऱ्यांदा वाढून घेतले असते.

राहता राहिला शिरका. तो मात्र आपल्या मराठी स्वयंपाकघरात फारसा नव्हता. आपला आंबटपणा कैरीचा, लिंबाचा, चिंचेचा आणि कोकणात कोकमाचा. गोव्यात माडाच्या ताडीचा शिरका पोर्तुगीज काळात रुजला, तो अपवाद. मामीने पहिल्या खेपेला लिंबू पिळले, दुसऱ्या खेपेला चिंच घातली. दोन्ही वेळा रस गढूळ झाला आणि चकत्या लिबलिबीत. मग शेजारच्या मुसलमान बाईंनी तिला शिरका दाखवला. उत्तरेकडच्या घरांत उसाच्या रसाचा, जांभळाचा शिरका उन्हात घालून मुरवतात. भोपाळ हे अठराव्या शतकात अफगाण सरदार दोस्त मोहम्मद खानाने वसवलेल्या संस्थानाचे शहर. शिरका हा शब्दच मुळी फारसी. इराणात शिरका आणि मध किंवा साखर यांचा पाक करतात, त्याला सिकंजबीन म्हणतात, आणि उन्हाळ्यात त्यात काकडी किसून पितात. आपण ज्याला शिकंजी म्हणतो तो शब्द त्याच सिकंजबीनचा नातू. म्हणजे गोड शिरका आणि काकडी ही जोडी विलायतेच्या वाटेने येण्याआधी एका जुन्या वाटेने आशियात नांदत होती. शेजारणीला यातले काहीच परके वाटले नाही, असे मामी सांगते. "ये तो हमारे यहाँ भी बनता है," असे ती बाई म्हणाली होती. नेमके तेच बनत होते की नाही, हा प्रश्न मी सोडून देतो. शेजारणीने आपले म्हटले, हेच पुष्कळ.

आणि चौथा हात नागपूरचा. मामीच्या बरणीत मोहरीबरोबर चमचाभर बडीशेप असते आणि मेथीचे दहा-बारा दाणे तुपाच्या थेंबावर तांबूस परतलेले असतात. हे मेथ्यांचे काम मडमेचेही नाही आणि शेजारणीचेही नाही. ते मेथांब्याचे आहे. चौथ्या खेपेनंतर तिने मेथ्या घातल्या आणि सासूबाई पहिल्यांदा "बरं झालंय" म्हणाल्या.

आता मूळ कारणाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहिणे मला भाग पडले. मामीच्या नातवाचे लग्न सागरकडच्या मुलीशी झाले. मुलगी हुशार, हौशी, हिंदीभाषी. 'रुचिरा'च्या मागच्या कोऱ्या पानावर मामीने स्वतःच्या अक्षरात ही कृती लिहून ठेवली होती. गेल्या उन्हाळ्यात मामी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला लेकीकडे गेली असता नातसुनेने तिला आश्चर्याचा धक्का द्यायचे ठरवले. लिपी एकच, देवनागरी. वाचायला अडचण काय येणार?

वहीत लिहिले होते 'काकडी'. मुलीने बाजारातून ककडी आणली. आपली काकडी ती हिंदीत 'खीरा', आणि हिंदीतली 'ककडी' म्हणजे ती लांब, बारीक, पोपटी, उन्हाळ्यात हातगाड्यांवर मिळणारी. ती जातीने खरबुजाची बहीण. वहीत होते, 'साल काढू नये'. मुलीने अर्थ लावला की हे वर्षभर टिकणार नाही. (तोही खोटा नव्हता!) आणि वहीत होते, 'चकत्यांना मीठ लावून रात्रभर ठेवणे'. तिने मीठ म्हणजे 'मीठा' समजून साखर चोळली. साखरेनेही पाणी सुटते. ते गोड पाणी फेकणे तिच्या जिवावर आले, म्हणून तिने ते तसेच शिरक्यात जाऊ दिले. शिरका पातळ झाला, मीठ नाहीच, आणि वर भोपाळचा ज्येष्ठ. आठव्या दिवशी बरणीला फेस आला, वास सुटला. मामी परतली तेव्हा मुलगी रडत होती.

मुलीला दोष देणाऱ्यांनी जरा थांबावे. थोरामोठ्यांची हीच चूक झालेली आहे. रोमचा सम्राट टायबेरियस रोज काकडी खायचा आणि तिचे वाफे चाकांवर ठेवून उन्हात फिरवले जात, असे प्लिनीने नोंदवल्याचे जगभर सांगितले जाते. बायबलमध्येही वाळवंटातले इस्रायली लोक इजिप्तच्या काकड्यांची आठवण काढतात. हॅरी पॅरिस आणि ज्यूल्स जॅनिक या वनस्पतिशास्त्रज्ञांनी जुनी चित्रे व जुने शब्द तपासून दाखवले आहे की या दोन्ही ठिकाणी आपली काकडी नसून खरबुजाच्या कुळातले ते लांब फळ, म्हणजे हिंदीतली ककडीच असली पाहिजे. भाषांतरकारांनी शतकानुशतके जे केले तेच सोनागिरीत झाले. आपल्याकडे तरी काय कमी घोळ आहे? 'काकडी' हा शब्द संस्कृत 'कर्कटी'पासून आला, कोकणातले 'तवसे' हे 'त्रपुस'पासून. आमच्या शेतात ज्वारीत वेल सोडतात ते वाळूक आणखी निराळे. 'मीठ' आणि 'मीठा' तर एकाच मुळाचे, मूळ अर्थ रुचकर. मराठीने तो मिठाला दिला, हिंदीने गोडाला. गुजराती 'मीठुं' दोन्हीकडे चालते.

मामी तिच्यावर रागावली नाही. मला मात्र फोन आला. "हेडमास्तर झाला ना तू? मग दोघींनाही समजेल असं लिहून दे." म्हणून ही कृती लिहितो. मामीसमोर बसून, वजन करून घेतली आहे. पूर्वी तिच्याकडे फक्त 'अंदाजे' होते.

एक किलो कोवळी काकडी (खीरा). बोटाएवढ्या जाडीच्या, बी न धरलेल्या असल्या तर उत्तम. धुवाव्या. देठाकडचा तुकडा कापून चोळावा, कडूपणाचा फेस निघतो. एक चकती चाखून पाहावी, कडू असली तर ती काकडी घेऊच नये. दुसरे टोकही, फुलाकडचे, कापून टाकावे. मामीचा हा नियम जुना. त्याचे कारण असे की त्या टोकात काकडीला मऊ करणारी पाचके असतात. साल (छिलका) राहू द्यावी. दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जाडीच्या दुप्पट चकत्या कराव्या. दोन मध्यम कांदे उभे चिरून मिसळावे. पन्नास ग्रॅम मीठ (नमक) लावून तीन-चार तास ठेवावे, वर बर्फाचे खडे असले तर कुरकुरीतपणा अधिक राहतो. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणी. ते मिठाने बाहेर पडते. हे पाणी फेकावेच. चकत्या एकदा साध्या पाण्यातून काढून चाळणीत निथळाव्या.

स्टीलच्या पातेल्यात अर्धा लिटर शिरका, साडेतीनशे ग्रॅम साखर, अर्धा चमचा हळद, दोन चमचे मोहरी, एक चमचा बडीशेप आणि परतलेल्या मेथ्या घालून उकळी आणावी. तांब्या-पितळेचे भांडे चालणार नाही, कल्हई असली तरी नको. आम्ल तांब्याला लागले की विषारी हिरवा कळक येतो. शिरका बाटलीवर लिहिलेल्या चार टक्क्यांचा असावा आणि त्यात पाणी घालू नये. सगळा टिकाऊपणा त्या आम्लात आहे, साखरेत नाही. उकळीत चकत्या टाकाव्या, रंग बदलू लागला की लगेच उतरवावे. शिजवायच्या नाहीत. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत गरम असतानाच भराव्या, चकत्या रसात बुडाल्या पाहिजेत. झाकण लोखंडी नको, गंजते. थंड झाल्यावर फ्रिजमध्ये. आठ दिवसांनी काढावे, दोन महिन्यांत संपवावे. त्यापुढे ते टिकत नाही असे नाही. आमच्या घरी ते उरत नाही.

पित्ताचा त्रास असलेल्यांनी बेताने खावे. मी खात नाही असे मात्र म्हणता येणार नाही.

यंदा भाद्रपदात नातसुनेने पुन्हा घाट घातला. खीरे तिने स्वतः निवडून आणले. मामी खुर्चीवर बसून नुसती पाहत होती. तिची बोटे आता सुरीवर चालत नाहीत. बरणी भरल्यावर वर चिठ्ठी लावायची होती. मुलीने आधी हिंदीत लिहिले, 'मेम का अचार'. मी मामीकडे पाहिले. ती काही बोलली नाही. मी मुलीला साहेबाच्या चहाची ती सगळी गोष्ट सांगितली, सासूबाईंसकट. तिने चिठ्ठी काढली, दुसरी लिहिली आणि आजेसासूला वाचता यावी म्हणून अक्षरे मोठी काढली. तिच्यावर आहे 'आजी का मीठा खीरा'. मामीने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली आणि म्हणाली, "मीठा लिहिलंस, पण मीठ घातलंस ना?"